ब्रह्मपुरीच्या मातीखालचे कोल्हापूर : आपले अनुभव

माझे बालपण टाउन हॉलच्या बागेत गेले. समोरच्या सीपीआर रुग्णालयात कोणी नातेवाईक दाखल असले की मोठी माणसे आम्हा मुलांना बागेत सोडून आत जात असत. १८७२ ते १८७६ या काळात उभारलेल्या त्या टोकदार छपरांच्या इमारतीत वस्तुसंग्रहालय आहे हे ठाऊक होते. तरीही मी आत पहिल्यांदा गेलो तो वयाच्या चाळिशीत, आणि तोही पुण्याच्या पाहुण्यांना दाखवायचे म्हणून. तेथे वीतभरही उंच नसलेली, एक हात वर उचललेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ती पाहिली. ती कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडली हे कळल्यावर मी जागीच थबकलो, कारण पंचगंगेच्या घाटाकडे जाताना त्या टेकाडावरून मी शेकडो वेळा गेलो होतो. १९४४-४५च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांनी तेथील वस्तू उजेडात आणल्या आणि १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. सातवाहनांपासून मराठा काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्या एका टेकाडात एकावर एक साचलेले होते.

आपल्यापैकी ज्यांना घराचा पाया खणताना, नदीकाठी, संग्रहालयात किंवा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून या जुन्या शहराची ओळख झाली असेल, त्यांनी येथे सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, शुक्रवार पेठ

मी सातवीच्या मुलांना दरवर्षी या संग्रहालयात नेत असे. एका वर्षी एका मुलाने विचारले, "बाई, आपल्या गावाला समुद्रच नाही, मग समुद्राचा देव इथे कशाला आला?" त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या आठवडाभरात जे वाचले त्यातून वर्गात नकाशा काढला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्याची जहाजे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत येत असत आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर लादून सह्याद्रीचे घाट चढवला जात असे. कोकणातून वर येणाऱ्या या वाटांवरचे कोल्हापूर हे आडगाव नव्हते, तर नदीकाठची भरभराटीची पेठ होती. मूर्तीबरोबर कांस्याची सुरई आणि आरसाही मिळाला, हे मुलांना मूर्तीपेक्षा अधिक जवळचे वाटले. कोणीतरी त्या आरशात चेहरा पाहिला असेल, या कल्पनेने वर्ग एकदम शांत झाला होता. ही भांडी व्यापारात आली, भेट म्हणून आली की मोडीच्या भावाने विकायला आणली गेली, यावर विद्वानांनी वेगवेगळे तर्क मांडले आहेत, आणि ते सगळे तर्क मी मुलांसमोर तसेच ठेवले. इतिहासात एका प्रश्नाची अनेक उत्तरे शिल्लक राहू शकतात, हे त्यांना पाठ्यपुस्तकातून कधीच कळले नसते.

ब्रह्मपुरी परिसरातील रहिवासी

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घराच्या जागी नवे घर बांधताना पायासाठी पुरुषभर खोल खणले. कामगारांनी बाहेर काढलेल्या मातीत खापऱ्या तर होत्याच, पण हातभर लांब अशा विटाही होत्या, आणि एका चपट्या कौलाच्या तुकड्याला एका कडेला दोन भोके होती. वडिलांनी तो तुकडा धुऊन खिडकीत ठेवला. ठेकेदाराने बाकी सगळा राडारोडा दोन ट्रॉल्यांत भरून नेला आणि तो कोठे टाकला हे आम्ही कधी विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे एका जाणकाराने सांगितले की सातवाहनकालीन घरांवर अशीच भोके असलेली कौले घातली जात आणि ती खिळ्यांनी छपराला ठोकली जात. तेव्हा आम्ही तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो. वरून पाणी धो धो कोसळणाऱ्या या गावात घर गळू नये, ही चिंता तेव्हाच्या माणसालाही होती.

बांगड्यांच्या दुकानातून

आम्ही तीन पिढ्या बांगड्या भरतो. ब्रह्मपुरीत बहामनी काळातील काचेच्या बांगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे सापडले, हे मला एका गिऱ्हाईक ताईंनी सांगितले. उत्खनन करणाऱ्या दीक्षितांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावरच ग्रंथ लिहिला, हेही त्यांच्याकडूनच समजले. असे तुकडे मी पाहिले तेव्हा माझे लक्ष आधी त्यांच्या गोलाईकडे गेले. आजही हातात बांगडी चढवताना जी फुटते तिचे तुकडे नेमके असेच होतात. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा पट्टा चढवण्याचे ते काम बारीक आहे, घाईत होणारे नाही. सुतकात, लग्नात, जत्रेत फुटलेल्या बांगड्या आपण केराबरोबर टाकतो आणि त्याच केरातून पाचशे वर्षांनी बाईच्या मनगटाचे माप कळते.

मंगळवार पेठ, सध्या मुक्काम ठाणे

नाण्यांचा उल्लेख झालेला नाही म्हणून लिहितो. कोल्हापुरात मिळालेल्या कुर या प्राचीन राजघराण्याच्या शिशाच्या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाण आणि दुसऱ्या बाजूला कमानींची टेकडी असते. राजे स्वतःच्या नावात आईचे नाव लावत: वासिठीपुत, गोतमिपुत, माढरिपुत. या नाण्यांची छायाचित्रे मी माझ्या मुलीला दाखवली, तेव्हा तिने लगेच तिच्या आजीच्या नावाने स्वतःचे नाव लिहून पाहिले.

महाद्वार रोडजवळ माहेर असलेली वाचक

अंबाबाईच्या देवळातील मणिकर्णिका कुंडाविषयी आई नेहमी बोलायची. मी मोठी होईपर्यंत ते बुजलेले होते, त्यामुळे तिचे बोलणे मला आठवणींची सरमिसळ वाटे आणि मी तसे तिला बोलूनही दाखवले होते. अलीकडे कुंड पुन्हा उकरले गेले. आई आता नाही. मी देवळात गेले, दर्शनाआधी कुंडाच्या बाजूला वळले, आणि ती सांगत असे तशाच दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या मला दिसल्या.