प्रतिसाद : राइनिस आणि अस्पाझिया

लाट्व्हियाचे कवी आणि नाटककार राइनिस यांच्यावरच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की हद्दपारीत त्यांची उमेदीची वर्षं वाया गेली. मला हे अजिबात पटत नाही.

यानिस राइनिस (१८६५–१९२९) शिक्षणानं वकील, मग 'दिएनस लापा' या वृत्तपत्राचे संपादक. लाट्व्हिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता. १८९७ मध्ये झारच्या पोलिसांनी पकडलं, तेव्हा तुरुंगात त्यांनी जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाट्यकाव्याचा लाट्व्हियन अनुवाद तडीस नेला. शेतकऱ्यांची बोली म्हणून तिथले जर्मन उमराव जिला हिणवत, त्या भाषेत 'फाउस्ट' उभा करायचा तर शब्दच घडवावे लागतात, आणि ते त्यांनी घडवले! ही वर्षं वाया कशी म्हणायची?

रशियातल्या १९०५ च्या क्रांतीनंतर देश सोडून परागंदा. स्वित्झर्लंडमधल्या लुगानोजवळ कास्तान्योला गावी १९२० पर्यंत मुक्काम. बरीचशी महत्त्वाची नाटकं तिथलीच. परतल्यावर लाट्व्हियाच्या संविधान सभेचे सदस्य, राष्ट्रीय नाट्यगृहाचे संचालक, पुढे शिक्षणमंत्रीही झाले.

पण आतापर्यंतच्या चर्चेत अस्पाझिया यांचं नावच नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या राइनिस यांच्या पत्नी, पण त्याआधी स्वतःच्या बळावर गाजलेल्या कवयित्री आणि नाटककार. लग्न झालं तेव्हा राइनिस कैदेत होते. 'फाउस्ट'च्या कामातही अस्पाझिया यांचा हात होता, परदेशातली ती सगळी वर्षं त्यांनीही काढली, आणि संविधान सभेत त्याही निवडून आल्या होत्या. राइनिस वाचताना अस्पाझिया यांच्या कविता शेजारी ठेवून वाचा.