उत्तम फ्लाय कास्टर ओळखायचा कशावरून: दोरी हवेत असताना, की पाण्यावर पडल्यावर?

उलटाप्रवाह (धागाकर्ता)

फ्लाय कास्टिंगच्या, म्हणजे मासे धरायला दोरीने नकली किडा फेकण्याच्या, कुठल्याही व्हिडिओखाली कौतुक ठरलेलं असतं: काय लूप (दोरीचं हवेतलं वळण) आहे, काय पल्ला आहे! दोरी हवेत असते तोवरच सगळे बघतात. माझं मत असं की फेकीचा खरा निकाल दोरी पाण्यावर टेकल्यानंतरच्या काही सेकंदांत लागतो. ती कशी पडणार हे ज्याला फेकण्याआधीच ठरवता येतं, तो उत्तम कास्टर.

ज्यांनी ही काठी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या गळाला शिसं लावतात आणि ते वजन दोरीला ओढत नेतं. इथे नकली किड्याला, म्हणजे फ्लायला, वजन जवळपास नसतंच. वजन असतं दोरीत. १९६१ मध्ये ठरलेल्या मापानुसार ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. ते ९ ग्रॅम आधी मागे उलगडायचे, मग पुढे. फ्लाय त्यांच्यामागून जाते.

आता नदीत उभे राहा. मधे जोराची धार, मासा पलीकडच्या संथ पाण्यात. तुम्ही देखणी, सरळसोट फेक केलीत. मधल्या धारेने दोरीला पोट काढलं आणि क्षणात फ्लाय पाण्यावर रेघ ओढत घसरली. हाच ड्रॅग. ट्राउट तिच्याकडे पाहतही नाही. दुसऱ्याने काठी पुढे थांबवली आणि दोरी हवेत असतानाच काठीचं टोक धारेच्या वरच्या अंगाला नेलं. हा रीच कास्ट. किंवा टोक हलवून दोरी नागमोडी पाडली. त्याची फ्लाय धारेने दोरी ताणेपर्यंत मोकळी वाहत राहते. व्हिडिओत ही फेक गबाळी दिसेल, पण मासा त्याच फेकीला लागतो.

लांबपल्ला

असहमत. लांब फेकीला दिखाऊ म्हणणं सोपं आहे, पण लांब फेकीत चूक लपत नाही. ३० फुटांवर मनगट ढिलं असलं, मागची दोरी अर्धवट उलगडली, तरी फ्लाय कशीबशी पुढे पडते. ८० फुटांवर यातली एक चूकसुद्धा अंगाशी येते. जोर एकदम लावला की काठीचं टोक सरळ रेषेत न जाता मधे खाली दबतं, लूपची वरची बाजू खालचीला छेदते (हा टेलिंग लूप) आणि लीडरला, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक तंतूला, गाठ बसते. अंतर ही हाताची परीक्षा आहे.

आणि अंतर म्हणजे नुसती ताकद, हा गैरसमज आधी काढून टाका. अमेरिकन कास्टर जोन वुल्फ यांनी १९५१ मध्ये फिशरमन्स डिस्टन्स या लांब फेकीच्या प्रकारात सगळ्या पुरुष स्पर्धकांना मागे टाकलं. १९६० मध्ये त्यांची फेक १६१ फुटांवर गेली. पुढे आयुष्यभर त्यांनी कास्टिंग शिकवलं. स्टीव्ह रॅजेफ यांनी अमेरिकेचं ऑल-अराउंड विजेतेपद वर्षानुवर्षं राखलं, आणि त्यात अंतरही मोजतात, अचूकताही. ज्याचा पल्ला लांब त्याचा नेमही पक्का, कारण दोन्हींच्या मुळाशी यांत्रिकी एकच.

उलटाप्रवाह

अचूकता कशी मोजतात तेही सांगा ना. अमेरिकेतल्या स्पर्धांत ३० इंच व्यासाची कडी तरंगत ठेवतात. फ्लाय आत पडली तर दंड नाही, बाहेर पडली तर फुटाफुटाला एक गुण वजा. हे सगळं साचलेल्या पाण्यावर. टेकल्यानंतर दोरीचं काय झालं याला एकही गुण नाही. वुल्फ आणि रॅजेफ यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. माझं भांडण मोजपट्टीशी आहे.

खारंवारं

तुम्ही दोघंही ट्राउटच्या नदीतून बाहेरच येत नाही. उथळ समुद्रात बोनफिशसमोर उभे राहा. मासा चालता, वारा तोंडावर, होडीतला वाटाड्या ओरडतो, ‘अकरा वाजता, साठ फूट!’ (म्हणजे समोर, किंचित डावीकडे). नागमोडी दोरी पाडायला तिथे वेळही नाही आणि उपयोगही नाही. दोरी सैल पडली तर माशाने फ्लाय तोंडात घेतलेली कळतही नाही. तिथे हवा अरुंद, वेगवान लूप, मागच्या आणि पुढच्या दोन्ही फेकींत डाव्या हाताचा नेमक्या क्षणी दोरीला झटका, म्हणजे डबल हॉल, आणि एक-दोन फॉल्स कास्टमध्ये (पाण्यावर न टेकवता मागे-पुढे केलेल्या फेकींत) मोकळं होणं. हवेत दोरी नाचवत बसलात तर मासा निघून गेलेला असतो.

काठी घड्याळाच्या काट्यासारखी ठरावीक आकड्यांमध्येच हलवायची, ही जुनी शिकवण अमेरिकन कास्टिंग शिक्षक लेफ्टी क्रे यांनी १९६५ मध्ये मोडून काढली. काठी जितकी लांबवर मागे-पुढे न्याल तितके कष्ट कमी, हे त्यांचं म्हणणं. वाऱ्यात त्याची किंमत कळते.

निम्फवाला

मला या चर्चेचंच आश्चर्य वाटतं. लांब, बारीक लीडर आणि वजनदार टंगस्टनचा मणी असलेला निम्फ, म्हणजे पाण्यात बुडणारी फ्लाय, घेऊन युरोपीय पद्धतीने मासे धरणारे दोरी जेमतेम काठीबाहेर काढतात. मुळात फ्लायचं वजनच तिला घेऊन जातं. ताणलेल्या लीडरमधून तळाची हालचाल बोटांना कळते, आणि भरपूर मासे लागतात. कास्टिंगला एवढं देवपण कशाला?

उलटाप्रवाह

कारण विषय उत्तम कास्टरचा आहे, जास्त मासे धरणाऱ्याचा नाही. शिवाय तुमचा निम्फही धारेच्या वर नेमक्या जागी पडला नाही, तर माशापर्यंत पोचेस्तोवर तळाला बुडतच नाही. तीही फेकच आहे, फक्त छोटी.

काठीशिक्षिका

मी शिकवते, म्हणून थोडं विस्ताराने. बिल आणि जे गॅमेल या पितापुत्रांनी चांगल्या फेकीची पाच मूलतत्त्वं मांडली: दोरीत ढिलाई कमीत कमी, टोकाचा मार्ग सरळ, काठीचा कोन दोरीच्या लांबीनुसार, मागचा थांबा दोरीच्या लांबीनुसार, आणि जोर योग्य जागी, हळूहळू वाढत जाणारा. नवख्यांचा सगळ्यात जास्त घोळ थांब्यात होतो. दोरी वाढली की थांबाही वाढायला हवा, पण घाई होते आणि दोरी मागे उलगडण्याआधीच हात पुढे निघतो.

आता वादाकडे येते. धागाकर्त्यांची नागमोडी दोरी ही मुद्दाम आणलेली ढिलाई आहे. ज्याला दोरी सरळ टाकता येत नाही त्याची ढिलाई मुद्दामची नसते, आपोआप झालेली असते. पाण्यावर पडलेली दोरी दोघांची सारखीच दिसेल, पण दुसऱ्याला ती पुन्हा तशी पाडता येणार नाही. त्यामुळे लांबपल्ला यांचा मुद्दा मला सोडवत नाही. त्यांच्याशी माझा मतभेद वेगळा आहे: मोकळ्या मैदानात मागे ९० फूट जागा मिळते, काठावरच्या झाडीत ती मिळत नाही. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर दोरी मागे पूर्ण न उलगडता, पाण्यात टेकवून पुढे सोडायची पद्धत वाढली ती यामुळेच. मी विद्यार्थ्याला एक काम देते: टेलिंग लूप मुद्दाम काढून दाखव, मग लगेच नीट कर. ज्याला चूक हवी तेव्हा आणता येते आणि हवी तेव्हा घालवता येते, त्याला मी कास्टर मानते.

उलटाप्रवाह

मुद्दाम आणि आपोआप हा फरक मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. दोरी कशी पडणार हे आधी ठरवणं म्हणजे तेच. पण पहिल्यापासून सरळ फेकच घोटून घेतली की माणूस त्याच फेकीत अडकतो. ३० फूट नीट जमले की लगेच रीच कास्ट शिकवावा, ८० फुटांची वाट बघू नये.

लांबपल्ला

आणि वारा धारेच्या वरच्या अंगाकडून आला तर? तुमचा रीच कास्ट उडून खाली येईल.

खारंवारं

येईल, काठी उभी ठेवली तर. आडवी फेका, लूप पाण्याच्या जवळून जाऊ दे, म्हणजे दोरी हवेत कमी वेळ राहते. वारा काठीच्या हाताकडून असेल तर हूक तुमच्याच अंगावर येतो. तेव्हा वळून उभे राहा आणि मागच्या फेकीवरच फ्लाय सोडा. टोक धारेच्या वर तरीही नेता येतं, फक्त थोडं उशिरा आणि थोडं जास्त.