मदत हवी आहे: बाबांना गडद निळा आणि काळा वेगळा दिसत नाही, कोणती तपासणी करून घेऊ?

बाबा ६१ वर्षांचे आहेत. ११ वर्षांपासून मधुमेह, बीपीची गोळी रोज चालू. गेल्या दोन महिन्यांत दोनदा त्यांनी एका पायात काळा आणि दुसऱ्यात गडद निळा मोजा घातला. पहिल्यांदा घाईत झालं असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा मोजे खिडकीपाशी नेऊन त्यांच्या हातात दिले. उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "अगं, दोन्ही काळेच तर आहेत!" माझ्या पोटात गोळाच आला. भिंतीच्या रंगाच्या दोन छटांमधला फरक आजवर आम्हाला तेच दाखवायचे.

चष्म्याचा नंबर काढायला गेलो तिथे हे सांगितलं. त्यांनी ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचं इशिहाराचं पुस्तक उघडलं. बाबांनी सगळे आकडे धडाधड वाचले, आणि "रंगांधळेपणा नाही" म्हणून आम्हाला परत पाठवलं. पण ते पुस्तक लाल-हिरव्यातल्या जन्मजात दोषासाठी आहे ना? मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर काही दिसायच्या आधीच निळ्या-पिवळ्यातला फरक कळेनासा होऊ शकतो, असं वाचलंय. मोतीबिंदूनेही असं होतं म्हणतात, मग नेमकं कारण कसं ओळखतात? हृदयाचीही तपासणी करून घ्यावी का?

प्रतिसाद

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. तुमची शंका रास्त आहे, निळ्या-पिवळ्यातला बिघाड त्या पुस्तकात सापडत नाही. डी-१५ करून मागा. त्यात १५ रंगीत चकत्या छटेच्या क्रमाने लावायच्या असतात. एकेक डोळा झाकूनच करायला सांगा, कारण जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो, नंतर आलेला बरेचदा एका डोळ्यात जास्त. सौम्य बिघाड डी-१५ मधूनही निसटतो. मग फार्न्सवर्थ-मन्सेल १०० ह्यू करतात, नाव १०० असलं तरी चकत्या ८५ असतात.

मोतीबिंदूत भिंग पिवळसर होऊन निळा प्रकाश अडवतं, ते स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून पाहायच्या यंत्रावर, दिसतं. पण रंगांच्या चाचणीवरून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचं निदान होत नाही, ती फक्त इशारा देते. खरी तपासणी म्हणजे बाहुली मोठी करून पडदा पाहणं, गरज वाटली तर ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन. मधुमेहात पडदा साधारण दरवर्षी बघायचा असतो. बाबांचा शेवटचा कधी पाहिला?

हृदयाचं म्हणाल तर मोज्यांमुळे नाही, मधुमेह आणि बीपी आहे म्हणून फिजिशियनना भेटा. कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही बघून घ्या. आणि एखाद्या डोळ्याने अचानक अंधुक दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, थांबू नका.

धागाकर्ती

बाबांना आत्ताच विचारलं. ११ वर्षांत पडदा एकदाही तपासलेला नाही. दर वेळी नुसता नंबर काढून घरी. उद्याची वेळ घेतली आहे. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं म्हणतात, त्यामुळे गाडी मीच चालवेन. डी-१५ चा दोन्ही डोळ्यांचा कागद मिळाला की इथे टाकते. तो कसा वाचायचा ते सांगाल ना ताई?