मदत हवी आहे: व्हॅक्यूममधली ठिणगी दरवेळी वेगळ्याच व्होल्टेजला का पडते?

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट आहे, तीन आठवडे अडकलेय, हाय व्होल्टेजवर काम केलेलं कोणी असेल तर प्लीज वाचा.

बेलजारमध्ये तांब्याचे दोन गोल टोकांचे इलेक्ट्रोड, मधे 1 मिमी गॅप, प्रेशर 10 चा उणे 5 वा घात मिलिबार. ठिणगी पडली की 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 100 ओममधून रिकामा होतो. पहिली ठिणगी 9 किलोव्होल्टला पडली, मग पंचवीस-तीस ठिणग्यांत चढत चढत 20 पर्यंत गेली, मी खूश, आणि पुढच्याच वेळी धाडकन 11.

सर म्हणाले पंप नीट ओढत नसेल, पण मला ते पटत नाही, कारण या प्रेशरला इलेक्ट्रॉनला हवेचा रेणू गाठायला कित्येक मीटर जावं लागतं, म्हणजे पाशेनचा नियम (वायूतल्या ठिणगीचं व्होल्टेज प्रेशर आणि गॅपवरून सांगणारा) इथे लागूच होत नाही. मला वाटतं सगळा खेळ कॅथोडच्या (ऋण इलेक्ट्रोडच्या) पृष्ठभागाचा आहे. 20 किलोव्होल्टला फील्ड 2 कोटी व्होल्ट प्रति मीटर येतं, आणि फाउलर-नॉर्डहाइमच्या (1928) हिशोबाने थंड तांब्यातून इलेक्ट्रॉन ओढायला त्याच्या शंभरपट तरी हवं, म्हणजे कुठेतरी फील्ड तेवढं वाढवणारी बारीक टोकं असणारच, ती तापून फुटतात आणि त्यांचीच वाफ ठिणगीला पुरते. काल बेलजार उघडला तर काचेला आतून तांब्याची गुलाबी झाक चढलेली, आणि मायक्रोस्कोपखाली कॅथोड म्हणजे गारा पडून गेलेला चिखल, नुसते खड्डे आणि उचललेल्या कडा. एक टोक जळतं आणि खड्ड्याच्या काठावर नवीन तयार होतं, असंच ना?

पण गॅप 2 मिमी केली तर व्होल्टेज दुप्पट नाही झालं, सरासरी दीडपटीच्याही आत राहिलं. हे क्रॅनबर्गच्या 1952 च्या कल्पनेशी जुळतं, धातूचा सुटा कण समोर आदळून ठिणगी पेटते आणि व्होल्टेज गॅपच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. मग टोकं धरू की कण?

अजून एक, करंट उतरत 3-5 अँपिअरवर आला की आर्क एकदम तुटतो आणि कपॅसिटरवर तीन-चारशे व्होल्ट उरतात (अर्थिंग रॉड लावल्याशिवाय हात घालत नाही, एक्स-रेसाठी शिसेकाचही आहे). हे व्हॅक्यूम ब्रेकरमधलं (व्हॅक्यूममध्ये करंट तोडणाऱ्या स्विचमधलं) करंट चॉपिंगच, म्हणजे करंट शून्यावर येण्याआधीच अचानक तुटणं, म्हणायचं का?

आणि मुख्य शंका, 20 किलोव्होल्टला कपॅसिटरमध्ये 20 जूल साठतात, कंडिशनिंगसाठी (ठिणग्या देत देत पृष्ठभाग सुधारण्यासाठी) हे फार होतंय का? कपॅसिटर शंभरपट लहान घेऊन पुन्हा पॉलिश केलेल्या इलेक्ट्रोडवर सुरुवात करू, की आहे त्याच कॅथोडवर लहान ठिणग्या देत राहिले तर तो सुधारेल?