यीरोस, गायरो की जायरो? आणि तो फिरलाच नाही तर?

३१ डिसेंबरला आमच्या गच्चीवर अंगतपंगत आहे. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा आणि त्यापुढे मराठीत नावाची पाटी लावायची, असा यंदाचा नियम. मी तो ग्रीक प्रकार करणार आहे. मांसाचे पातळ काप, चक्क्यात काकडी-लसूण घालून केलेलं त्झात्झिकी, कांदा, टोमॅटो, आणि हे सगळं पिटामध्ये गुंडाळलेलं. स्पेलिंग जी-वाय-आर-ओ-एस. आमच्या घरात माणसं चार आणि उच्चार पाच आहेत.

तिकडे हे बहुतेक वेळा डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या मांसाचं करतात. आमच्याकडे डुकराचं चालणार नाही, म्हणून मटण, कोंबडी आणि शाकाहारी मंडळींसाठी धिंगरी अळंबी असे तीन प्रकार ठरवलेत. पाटीवर काय लिहू? तो, ती की ते? आणि खरी अडचण अशी, की उभ्या सळईवर गरगर फिरणारं यंत्र माझ्याकडे नाही. मग त्याला हे नाव द्यावं का? जाणकारांनी खाली प्रतिसादांत सांगावं.

यीरोस

ग्रीक उच्चार यीरोस, जोर पहिल्या अक्षरावर. ग्रीक 'गामा' पुढे इ किंवा ए आला की ग राहत नाही, घासलेला य होतो. मी ॲडलेडला असते. इथे दुकानांवर सरळ वाय-आय-आर-ओ-एस असंच लिहितात, त्यामुळे भांडण मिटलंय. मराठी जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा 'यी' जड जातो, ऐकणारा 'ईरोस' ऐकतो. पण 'एक'ला 'येक' म्हणणाऱ्यांना हे जमायला हरकत नाही!

जर्मनीहून

इथे ग्यूरॉस म्हणतात आणि तो चुकीचा म्हणवत नाही. प्राचीन ग्रीकमध्ये ग हा गच होता आणि पुढचा स्वर ओठांचा चंबू करून काढलेला ई. म्हणजे आजच्या अथेन्सला चुकीचा, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सला बरोबर. इथल्या ग्रीक हॉटेलात ग्यूरॉस म्हटलं की डुकराचंच मांस येतं. दुसरं हवं असेल तर तुर्कांच्या डोनेरच्या, म्हणजे अशाच फिरत्या सळईवरच्या मांसाच्या, दुकानात जायचं.

तो 'स' तोडू नका

शेवटचा स हा ग्रीक पुल्लिंगी एकवचनाचा प्रत्यय आहे. अमेरिकेत लोकांना तो इंग्रजी अनेकवचनाचा वाटला, म्हणून एक असेल तर त्यांनी 'गायरो' केला. आपण उलटं करतो. 'शेजारच्या सीटवर एक लेडीज बसली होती' हे रोज ऐकतोच. तेव्हा एक यीरोस, दोन यीरोस. लिंग ग्रीकमध्ये पुल्लिंग, मराठीतही बर्गर-पिझ्झ्याच्या पंगतीत 'तो'च बसेल. सध्या 'यीरोसमध्ये' म्हणा. रुळला की ग्लासाचं जसं 'ग्लासात' झालं, तसं 'यीरोसात' होईल.

फिरणे आणि फिरवणे

धागाकर्तीचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. गीरोस, म्हणजे यीरोसचंच जुनं रूप, याचा मूळ अर्थ वर्तुळ, कडं, फेरा. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोनं १८५२ साली आपल्या फिरत्या चाकाच्या उपकरणाला गायरोस्कोप म्हटलं ते यावरूनच. लॅटिनमधून तोच शब्द इटालियनमध्ये 'जीरो' झाला, इटलीच्या 'जीरो दितालिया' सायकल शर्यतीच्या नावात आहे तो.

पण पदार्थाला हे नाव अलीकडचं. ग्रीसमध्ये याला पूर्वी तुर्की नावानंच, 'डोनेर' म्हणत. तुर्कीत 'डोनमेक' म्हणजे फिरणे, 'डोनेर' म्हणजे फिरणारा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुर्की नाव नकोसं झालं आणि त्याचंच ग्रीक भाषांतर दुकानावर चढलं. १९७४ साली सायप्रसवरून बिनसल्यावर तिथली 'तुर्की कॉफी'सुद्धा 'ग्रीक कॉफी' झाली. उकळायची रीत तीच.

आता गंमत पाहा. अरबी 'शवर्मा' हाही तुर्कीच शब्द, 'चेविर्मे'वरून आलेला. 'चेविर्मेक' म्हणजे फिरवणे. म्हणजे डोनेर अकर्मक आणि शवर्मा सकर्मक! एकात मांस स्वतः फिरतंय, दुसऱ्यात कुणीतरी फिरवतंय. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी हीच सळई तिकडे नेली. तिथे तिच्यावर डुकराचं मांस चढलं, आणि त्या शंकूला तिकडे 'त्रोम्पो' म्हणतात. त्रोम्पो म्हणजे भोवरा.

चार देश, वेगवेगळी मांसं, आणि यातल्या एकाही नावात मांसाचा पत्ता नाही. तेव्हा ताई, मटण घाला, कोंबडी घाला, अळंबी घाला, नाव कुठेच अडत नाही. अडेल ते न फिरण्यापाशी.

गिरकी!

गीरोस – गिरकी – गिरणी. नातं उघड दिसतंय की!

उत्तर: गिरकी!

काका, दिसतंय म्हणूनच संशय घ्या. नुसत्या आवाजावर सोयरीक जुळवायची तर 'नीर' आणि आजच्या ग्रीकमधला पाण्याचा शब्द 'नेरो' हेही सख्खे ठरतील. त्यांचाही एकमेकांशी संबंध नाही. खरी उसनवारी हवी असेल तर 'केंद्र' घ्या. ग्रीक 'केंत्रॉन', मूळ अर्थ टोकदार काठी, पराणी. ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. वर्तुळाच्या मध्यात टोचलेली अणकुचीदार काठी, म्हणजे यीरोसची सळईच झाली.

कलम

थोडं अवांतर. अथेन्समध्ये काडीला टोचून भाजलेल्या तुकड्यांना 'कलामाकी' म्हणतात. 'कालामोस' म्हणजे बोरू, वेत, त्याचं लघुरूप. हाच कालामोस अरबीत 'कलम' झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला. लेखणीही तीच आणि हापूसचं कलमही तेच. थेस्सालोनिकीत मात्र कलामाकी मागू नका. तिथे सरबत प्यायची नळी हातात देतात, असा विनोद ग्रीक लोक आपसात करतात. तिथे त्या पदार्थाला 'सुव्लाकी' म्हणतात. सुव्ला म्हणजे सळई, लॅटिन 'सुबुला'वरून, म्हणजे चांभाराची आरी. आपल्याकडेही सुळावर भाजलेल्या मांसाला संस्कृतात 'शूल्य' असा नेटका शब्द होता. तो मेला, आणि आपण सीख कबाब खाऊ लागलो.

शब्द राहू द्या, शिजवणार कसं?

आधी एक शब्द मीही मांडते. 'मटण' हा इंग्रजी मटनवरून आला, तो फ्रेंच मेंढीवरून. आपण त्यात बोकड घातला. म्हणजे नाव तेच ठेवून जनावर बदलण्यात आपण ग्रीकांच्या मागे नाही. 'खिमा'ही मुळात तुर्कीच.

आता कृती. एक किलो मटणाचा खिमा, दोन चमचे मीठ, किसून घट्ट पिळलेला कांदा, लसूण, भरपूर ओरेगॅनो. कांद्याचं पाणी काढलं नाहीत तर वडी फुटेल. मीठ घालून मिक्सरमधून इतकं फिरवा की खिमा बोटाला चिकटला पाहिजे. मिठानं मांसातली प्रथिनं सुटून धरून ठेवतात, म्हणून अंडं-पावाचा चुरा लागत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी पावाच्या साच्यात दाबून १६० अंशांवर साधारण तासभर. आतलं तापमान ७४ अंश झालं की काढा, वर जड काहीतरी ठेवून निवू द्या, मग पातळ कापा. ओवनमधून काढल्यावर ते फिकट आणि केविलवाणं दिसतं, घाबरू नका. हे काप कडकडीत तव्यावर कडा करकरीत होईपर्यंत परता. सगळी चव तिथे येते.

कोंबडीची छाती घेऊ नका, कोरडी पडते. मांडीचे बिनहाडाचे तुकडे दही, लिंबू, लसणात मुरवून साच्यात थरावर थर रचा. धिंगरी हातानं फाडा, तव्यावर वरून जड भांडं दाबून तिचं पाणी आटवा, मीठ शेवटी. फाल्गुनात विचारलं असतंत तर फणसाची कुयरी सुचवली असती, तिचे धागे मांसासारखेच सुटतात.

परतणे

सगळ्यांचे आभार. काल मटणाचा प्रयोग करून पाहिला. काप तव्यावर उलटसुलट करताना वरच्या ताईंचंच वाक्य आठवलं, 'परता'. फिरणे-फिरवणेवाल्या दादांना विचारते, मी बाजारातून परतले आणि मी कांदा परतला, हा एकच शब्द ना? मागे वळणे आणि तव्यावर उलटवणे?

उत्तर: परतणे

एकच. पहिला अकर्मक, दुसरा सकर्मक, अगदी डोनमेक-चेविर्मेकसारखा. बाजू पालटणे हा त्यातला समान धागा. सळई नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुमचा यीरोस मराठी रीतीनं फिरलाय.

पाट्या

मग ठरलं. 'परतलेला यीरोस (मटण)' आणि 'परतलेला यीरोस (कोंबडी)' लिहून झाले. तिसऱ्या पाटीवर सुनेनं आधीच भलं मोठं अळंबीचं चित्र काढून ठेवलं होतं, जागाच उरली नाही. तिथे नुसतं 'परतलेली धिंगरी' लिहिलंय.