मदत हवी आहे: रेशन धान्य वाहतुकीचं टेंडर भरायचंय, अनुभवाचा दाखला आणि रेट दोन्हीत अडलोय

नमस्कार मंडळी,

घरच्या सहा गाड्या आहेत, चार दहाचाकी आणि दोन सहाचाकी. कांदा, मका, सिमेंट, जे मिळेल ते भरतो, पण सगळं ब्रोकरच्या भरवशावर, सीझन संपला की गाड्या पंपावर उभ्या. म्हणून आता जिल्ह्याचं रेशनच्या धान्याचं वाहतूक टेंडर भरायचं ठरवलंय, म्हणजे मनमाडसारख्या एफसीआयच्या (भारतीय अन्न महामंडळाच्या) डेपोतून तालुक्याच्या सरकारी गोदामात आणि तिथून थेट रेशन दुकानाच्या दारात. अन्न सुरक्षा कायदा आल्यापासून दुकानापर्यंत माल पोचवायची जबाबदारी राज्य सरकारवर आहे, त्यामुळे हे काम काही बंद पडणारं नाही.

महाटेंडर्सवर (राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर) रजिस्ट्रेशन झालं, डीएससी (डिजिटल सही) घेतली, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) आहे, गाड्यांचे फिटनेस, परमिट, इन्शुरन्स सगळं चालू आहे. घोडं अडलंय ते टेक्निकल लिफाफ्यात, म्हणजे रेट उघडण्याआधी पात्रतेची कागदपत्रं तपासतात त्यात. अट आहे की सरकारी धान्य वाहतुकीचा अनुभव पाहिजे. आता गंमत बघा, आमच्या गाड्या याच कामावर जुन्या ठेकेदाराकडे लागलेल्या होत्या, ताडपत्री बांधून पोती पोचवली आम्ही, पण ऑर्डर त्याच्या नावावर, सरकारी बिल त्याच्या नावावर, आणि दहाच्या आत गाड्या म्हणून आम्ही पॅनसोबत डिक्लेरेशन दिलेलं तर टीडीएससुद्धा कापलेला नाही, म्हणजे तोही पुरावा नाही. दाखला मागितला तर ठेकेदार साहेब फोन उचलत नाहीत. का उचलतील, उद्या आम्हीच समोर उभे राहणार ना!

दुसरं म्हणजे रेट. क्विंटलला रेट मागितलाय. जाताना भरून, येताना रिकामी, त्यात डेपोत नंबर लागेपर्यंत गाडी उभी, ड्रायव्हरचा भत्ता चालूच. शिवाय गाडीला हिरवा रंग आणि रेशनची पाटी लावायची अट आहे, एकदा ती लावली की बाहेरचं भाडं कोण देणार? आणि लोक एवढा कमी रेट टाकून एल-1 (सगळ्यात कमी रेटवाले) कसे होतात आणि वर कमावतात कसे हे मला खरंच कळत नाही (कसे कमावतात त्याचा अंदाज आहे, पण मला तो रस्ता नकोय).

कोणी हे काम केलं असेल तर सांगा. दाखल्याऐवजी दुसरं काही चालतं का? आणि रेट काढताना काय काय धरायचं?

बारा_टायर:
भाऊ, आधी टेंडरमधला अनुभवाचा क्लॉज शब्द न् शब्द वाच. "सरकारी धान्य वाहतूक" लिहिलंय की "समान स्वरूपाचं काम", यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्पष्ट नसेल तर प्री-बिड मीटिंगच्या (टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीच्या) आधी लेखी विचार, तोंडी विचारलेल्याला काही अर्थ नसतो. बदल झाला तर पोर्टलवर शुद्धिपत्रक येतं, ते रोज बघत जा. सब-ठेकेदारीच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या), बँकेत जमा झालेलं भाडं आणि सीएचं यूडीआयएनवालं (ऑनलाइन पडताळता येणाऱ्या नंबरचं) सर्टिफिकेट जोडून ठेव, पण खात्याने दाखलाच पाहिजे म्हटलं तर ते पुरणार नाही, हे आत्ताच सांगतो. मग ज्याच्याकडे दाखला आहे त्याच्यासोबत जेव्ही (भागीदारीत टेंडर) करायचं, तेही टेंडरमध्ये परवानगी असेल तरच.

रेटसाठी मागच्या टेंडरचा निकाल पोर्टलवर उघडून बघ, कोणी किती टाकला होता ते दिसतं. धान्याच्या भाड्यावर जीएसटी माफ आहे, म्हणजे टायर-स्पेअरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही, ते रेटमध्येच धर. वाटेत धान्याची तूट आली तर वसुली तुझ्याकडून होणार, त्याचेही पैसे बाजूला काढ. आणि बिलं उशिरा निघतात, तेव्हा निदान तीन महिन्यांचं डिझेल खिशातून घालायची तयारी नसेल तर या भानगडीत पडूच नको.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! जेव्हीचं डोक्यातच नव्हतं. क्लॉजमध्ये "शासकीय अन्नधान्य" असंच लिहिलंय, आज लेखी प्रश्न टाकतो. डिझेलचं पंपवाल्याशी उधारीवर जमेल.

बारा_टायर:
पंपवाल्याच्या उधारीचं व्याजपण रेटमध्ये धर मग. आणि हमाली कोणाकडे आहे ते बघितलंस का? ठेकेदाराकडे असेल तर माथाडी (हमाल कामगार) मंडळाची मजुरी आणि वर लेव्ही (मंडळाला द्यायची जादा रक्कम), दोन्ही तुझ्या अंगावर येणार. डेपोत भरणं, गोदामात उतरवणं, परत भरणं, दुकानात उतरवणं, प्रत्येक पोत्याला चार वेळा हात लागतो.

धागाकर्ता:
बघितलं आत्ता. दुकानातली उतराई आमच्याकडे आहे, बाकीचं डिपार्टमेंटकडे. रेट परत मांडायला बसतो.