पाणी नुसतं झिरपत नाही
पाणी पेशीच्या पटलातल्या लिपिडच्या (चरबीसारख्या रेणूंच्या) थरातून आपोआप झिरपतं, त्याला वेगळं प्रथिन लागत नाही, हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. झिरपतं, पण हळू. रक्तातल्या तांबड्या पेशींतली पाण्याची ये-जा त्याहून कितीतरी वेगवान असते. १९९२ साली अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर अ‍ॅग्रे यांच्या गटाने बेडकाच्या अंडपेशींत तांबड्या पेशींमधलं एक प्रथिन तयार करवलं आणि त्या अंडपेशी सौम्य (कमी क्षारांच्या) द्रावणात ठेवल्या, तर पाणी आत शिरून त्या फुगून फुटल्या. साध्या अंडपेशी जवळपास तशाच राहिल्या. ते प्रथिन म्हणजेच अ‍ॅक्वापोरिन, पटलातली पाण्याची वाट.

ही वाट इतकी अरुंद की पाण्याचे रेणू एकामागून एकच जातात, तरी सेकंदाला अब्जावधी! आणि प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) मात्र अडवला जातो. मला तर याचंच सर्वात जास्त नवल वाटतं, कारण तो निसटला असता तर पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनच्या प्रमाणातला फरकच टिकला नसता.